प्लास्टरची मेमसाब

१९९३ च्या हिवाळ्यात मी मध्य भारतातल्या एका जुन्या छावणीत कॅप्टन होतो आणि पलटणीच्या ऑफिसर्स मेसचा सेक्रेटरीही होतो. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ते काय असतं हे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. दिवसभर कंपनीचं काम करायचं, संध्याकाळी डाळीत मीठ का कमी पडलं याचं उत्तर द्यायचं, आणि वर्षातून एकदा भिंतीवरच्या वाघाच्या मुंडक्यापासून चहाच्या चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तू लेजरशी ताडून बघायची. वाघाच्या मिशीला कसर लागली तरी जाब सेक्रेटरीलाच.

आमच्या मेसच्या अँटी रूममध्ये फायरप्लेस होती आणि तिच्यावरच्या फळीवर एका बाईचा पांढरा अर्धपुतळा. उंची फुटाहून थोडी अधिक. मान किंचित झुकलेली, केस लाटांसारखे मागे वळवलेले, वस्त्र एका खांद्यावरून घसरलेलं. छातीखाली फुलाच्या मोठ्या पाकळ्यांचं कडं होतं, जणू ती बाई त्या फुलातूनच उगवली होती. लेजरमध्ये तिची नोंद कुणीतरी फार पूर्वी एका ओळीत करून ठेवली होती: ‘अर्धपुतळा, स्त्री, पांढरा, एक.’ कुणी दिला, केव्हा आला, कशाचा आहे, काहीच नाही. किमतीच्या रकान्यात आडवी रेघ.

आमचे मेस हवालदार गढवालचे. पलटणीतली वीस वर्षं त्यांनी मेसमध्येच काढलेली, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते दर शनिवारी चांदीच्या ट्रॉफ्यांना पॉलिश करून घेत, आणि ते झालं की या बाईला स्वतः उचलून बाहेर नेत. कोमट पाणी, मऊ फडकं आणि दाढीचा जुना ब्रश. ब्रशने पाकळ्यांच्या बेचक्यांतली धूळ काढत. हे काम त्यांनी कधी दुसऱ्याला दिलं नाही. तिला ते ‘मेमसाब’ म्हणायचे.

त्या डिसेंबरात एका डायनिंग इनच्या आदल्या दिवशी फर्निचर हलवताना एका नव्या मेस वेटरचा धक्का लागला आणि मेमसाब खाली आली. पोरगा एकोणीस वर्षांचा, पलटणीत येऊन चार महिने झालेले. खाली गालिचा होता म्हणून ती वाचली. एक पाकळी तुटून वेगळी झाली आणि मानेपासून खांद्यापर्यंत केसाएवढी बारीक चीर गेली. एवढंच नुकसान. पण पोराचा चेहरा त्या पुतळ्याहून पांढरा पडला होता.

मेसची जुनी वस्तू म्हणजे रेजिमेंटल प्रॉपर्टी. नुकसान झालं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, जबाब, जबाबदारी निश्चित करणं, पगारातून कपात. शिवाय नव्या जवानाच्या कागदांवर पहिल्याच वर्षी लाल शेरा. पोराचे वडील नव्हते, घरी दोन बहिणी होत्या. मी त्याला म्हटलं, “जा, कामाला लाग. मी बघतो.”

दोन आठवड्यांनी वार्षिक बोर्ड बसणार होतं. मी यादीत लिहिलं: ‘अर्धपुतळा, प्लास्टरचा, जुना, आपोआप तडकलेला, दुरुस्तीपलीकडे, किंमत शून्य.’ लिहिताना त्यात काही खोटं आहे असंही मला वाटलं नव्हतं. पांढरा, चकाकी नसलेला पुतळा म्हणजे प्लास्टर, एवढंच माझं ज्ञान.

उस्ताद माझ्यामागे उभे होते. ते म्हणाले, “साहब, यह प्लास्टर नहीं है. प्लास्टर पानी पीता है. यह नहीं पीती.”

मी म्हटलं, “उस्ताद, लड़के को बचाना है या मेमसाब को?”

ते गप्प झाले. बोर्डाच्या अध्यक्षांनी सही केली. नियमाप्रमाणे निकामी ठरवलेली वस्तू बोर्डासमोर नष्ट करायची असते. मेसच्या मागे, लाकडं फोडायच्या ठोकळ्यावर तिला ठेवलं आणि एका जवानाने हातोडा मारला.

प्लास्टर फुटतं तेव्हा ‘धप्प’ असा बसका आवाज येतो, भुकटी उडते. इथे आवाज आला तो कपबशी फुटल्यासारखा, टणत्कार करत गेलेला. तुकड्यांच्या कडा धारदार होत्या आणि आतून काचेसारख्या चमकत होत्या. पाठीच्या एका तुकड्यावर इंग्रजी अक्षरं खोदलेली दिसली. अर्धं नाव, आणि खाली आकडा: १८५५. मी तो तुकडा हातात घेतला, बघितला आणि ढिगात टाकला. ‘माझ्यासमोर नष्ट केले’ या वाक्याखाली सही केली. उस्तादांनी खाली वाकून आधी तुटलेली ती पाकळी उचलली आणि खिशात घातली. त्यांना कुणी हटकलं नाही.

पुढे बदल्या होत राहिल्या. काश्मीर, लखनौ, ईशान्य, सिकंदराबाद. मेमसाब मी विसरलो.

२०१७ मध्ये निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये माणूस जसा चालतो तसा, पाय दुखत असताना पुढच्या बाकाच्या शोधात चाललो होतो, आणि समोर मेमसाब उभी. तीच झुकलेली मान, तेच घसरलेलं वस्त्र, त्याच पाकळ्या. फक्त ही संगमरवराची आणि आकाराने बरीच मोठी, जवळजवळ दोन फूट. मी चटकन आजूबाजूला बघितलं, कुणी मला ओळखेल की काय अशा भीतीने. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तसं.

तिचं नाव क्लायटी. ग्रीक कथेतली ती पाण्यातली अप्सरा. ओव्हिड या रोमन कवीने तिची गोष्ट सांगितली आहे. ती सूर्यावर भाळली, सूर्याचं मन दुसरीवर गेलं. मग ती नऊ दिवस अन्नपाण्याशिवाय उघड्या जमिनीवर बसून राहिली, आकाशातून जाणाऱ्या सूर्याकडे मान वळवत, आणि शेवटी तिचं फूल झालं. लोक त्याला सूर्यफूल म्हणतात. पण सूर्यफूल मूळचं अमेरिकेचं, ओव्हिडच्या काळी ते युरोपात कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्याच्या मनातलं फूल वेगळं, हेलिओट्रोप जातीचं.

हा पुतळा साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन समजला जातो. ती खरोखर क्लायटी आहे की नाही याची खात्री मात्र कुणालाच नाही. ज्याने तो विकत घेतला त्या चार्ल्स टाउनलीला आधी ती अग्रिपिना वाटली, मग कमळातून वर येणारी इजिप्तची देवी इसिस, आणि पुढे क्लायटी हे नाव चिकटलं. आजचे अनेक अभ्यासक म्हणतात की हा अँटोनिया नावाच्या राजघराण्यातल्या स्त्रीचा चेहरा असावा. तो अठराव्या शतकात घडवलेला असावा अशी शंकाही काहींनी घेतली होती. म्हणजे जिची नक्कल मी हातोड्याने फोडली, त्या मूळ बाईच्या कागदांतही रकाने रिकामेच आहेत. मला त्याने थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो.

टाउनली हा लँकाशायरचा श्रीमंत जमीनदार, धर्माने कॅथलिक. १७७२ मध्ये त्याने नेपल्सच्या एका सरदार घराण्याकडून हा अर्धपुतळा घेतला आणि लंडनमध्ये पार्क स्ट्रीटवरच्या आपल्या घरात आणून ठेवला. ते घर पुतळ्यांनी भरलेलं. १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध गॉर्डन दंगल उसळली. जमाव घरं जाळत सुटला. टाउनलीच्या घरावरही चाल होणार अशी बातमी आली. सगळं सोडून निघायचं होतं. सांगतात की त्याने नक्षीकोरल्या रत्नांची पेटी घेतली, आणि जड पुतळ्यांपैकी फक्त क्लायटीला उचलून गाडीत ठेवलं. तिला तो थट्टेने आपली बायको म्हणायचा. लग्न त्याने केलं नव्हतं. घर अखेर वाचलं, आणि क्लायटी परत आपल्या जागी आली.

जागा खाली करायचा हुकूम येतो तेव्हा काय उचलायचं, हा प्रश्न सैनिकाला नवा नाही. पूर आलेल्या गावांत मी लोकांना हा निर्णय मिनिटभरात घेताना पाहिलं आहे. कुणी शेळी घेतो, कुणी देव, कुणी शाळेचा दाखला. टाउनलीने ती घेतली होती. आणि मला अख्खं वर्ष दिलं असतं तरी मी काय केलं असतं, कोण जाणे.

टाउनली १८०५ मध्ये वारला. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमने त्याचे संगमरवरी पुतळे २०,००० पौंडांना घेतले. क्लायटी तेव्हापासून तिथे आहे.

आता इथे मला माझ्या लखनौच्या पोस्टिंगकडे वळायला हवं. टाउनलीच्या त्या पुतळ्यांनी भरलेल्या खोलीचं एक प्रसिद्ध चित्र आहे. टाउनली मित्रांसोबत बसला आहे, आणि टेबलावर क्लायटी. हे चित्र काढलं योहान झोफनी या चित्रकाराने, १७८१ च्या पुढेमागे. त्यानंतर १७८३ मध्ये हाच झोफनी नशीब काढायला हिंदुस्थानात आला. लखनौला नवाब आसफउद्दौलाच्या दरबारात राहिला. कर्नल मॉर्डंटच्या कोंबड्यांच्या झुंजीचं त्याचं चित्र अनेकांनी पुस्तकात पाहिलं असेल. त्या गर्दीत एक फ्रेंच माणूसही आहे: क्लॉद मार्तां, इंग्रजी उच्चाराने क्लॉड मार्टिन. लिआँ शहरात जन्मलेला, साध्या सैनिकापासून सुरुवात करून कंपनी सरकारच्या फौजेत मेजर जनरल झालेला.

लखनौत असताना ला मार्टिनिअर शाळेच्या इमारतीवरून माझं रोजचं जाणं होतं. ती मार्तांची हवेली, कॉन्स्टन्शिया. तो १८०० मध्ये वारला, तळघरात त्याची समाधी आहे. या इमारतीच्या छतावर पुतळ्यांची ही गर्दी: ग्रीक-रोमन देवदेवता, सिंह, घोळदार कपड्यातल्या बायका. गोमतीकाठच्या उन्हात त्या रोमन बायका काय करतात, असा प्रश्न मला रोज पडे. उत्तर आता कळलं. त्या काळी युरोपातला जो माणूस पैसा मिळवी, तो कुठेही गेला तरी रोमचे पुतळे आपल्याभोवती उभे करी. खरे मिळाले तर खरे, नाहीतर नकला. लंडनमध्ये टाउनलीला खरे परवडले. लखनौत मार्तांने चुना-विटांवर भागवलं. आणि ज्यांना दोन्ही परवडत नव्हतं त्यांच्यासाठी चिनी मातीचे आले.

हा चिनी मातीचा रस्ता थोडा सविस्तर सांगतो, कारण आमची मेमसाब त्याच रस्त्याने आली.

अठराव्या शतकात इटलीला जाऊन पुरातन पुतळे बघून येणं हे युरोपातल्या बड्या घरच्या मुलांचं शिक्षणच होतं. परतताना आठवण म्हणून काहीतरी हवं. फ्लॉरेन्सजवळ दोचिया इथे गिनोरी घराण्याच्या कारखान्याने प्रसिद्ध पुतळ्यांच्या पोर्सेलीन आवृत्त्या काढल्या. फ्रान्समध्ये सेव्रच्या कारखान्याने एक युक्ती रूढ केली: मूर्तीला वरून काचेचा लेप द्यायचाच नाही. लेपाने नाकडोळ्यांची धार बुजते. बिनलेपाची भाजलेली पांढरी माती संगमरवरासारखी दिसते. तिला बिस्किट म्हणतात. १७८० च्या दशकात रोममध्ये जोव्हानी व्होल्पातो या कोरक्याने अशा बिस्किट मूर्तींचाच कारखाना काढला. पाहुण्यांनी दिवसा मोठा पुतळा बघावा आणि संध्याकाळी त्याची हातभर आवृत्ती विकत घ्यावी. पण हा माल महाग.

तो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणला इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरने. स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारांच्या गावात कोपलंडच्या कारखान्यात टॉमस बॅटम नावाचा कलाप्रमुख जुन्या डर्बी बिस्किटची बरोबरी करायच्या खटपटीत होता. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला एक नवं मिश्रण जमलं: चिनी माती आणि त्याहून अधिक फेल्डस्पार. फेल्डस्पार हा काचेसारखा वितळणारा खडक. भट्टीत तो विरघळून मातीच्या कणाकणांत शिरतो आणि मूर्तीला दुधाळ, किंचित तुकतुकीत अंग येतं. कोपलंडने त्याला पुतळ्यांचं पोर्सेलीन म्हटलं. जवळच्याच मिंटन कारखान्यानेही तसंच काढलं आणि नाव दिलं पॅरिअन, ग्रीसमधल्या पारोस बेटाच्या संगमरवरावरून. वेजवुडने आपल्या मालाला इटलीतल्या करारा संगमरवराचं नाव दिलं. टिकलं ते पॅरिअन.

ते बनतं कसं हे वाचताना मी एका वाक्यापाशी थांबलो. मूळ मूर्तीवरून प्लास्टरचे अनेक भागांतले साचे काढतात. साच्यात मातीचा पातळ घोळ ओततात. प्लास्टर त्यातलं पाणी पिऊन घेतं आणि साच्याच्या आतल्या बाजूला मातीचा थर धरतो. उरलेला घोळ ओतून टाकतात. म्हणून मूर्ती आतून पोकळ. हात, डोकं, धड वेगळे काढून घोळानेच जोडतात आणि वाळल्यावर भट्टीत घालतात. वाळताना आणि भाजताना मिळून ती जवळजवळ चौथ्या हिश्श्याने आटते. झुकलेल्या भागांना टेकू द्यावे लागतात, आणि ते टेकू त्याच मातीचे लागतात, म्हणजे मूर्तीबरोबर तेही तेवढेच आटतील. एकदा भाजून निघाली की मात्र ही माती पाणी पीत नाही.

प्लास्टर पाणी पितं, ही पीत नाही. उस्तादांनी वीस वर्षं दाढीच्या ब्रशने जे शिकलं होतं ते स्टॅफर्डशायरच्या कारागिरांच्या कामाचं मर्म होतं. आणि मी पदवीधर.

मोठ्या पुतळ्याची अचूक लहान प्रत काढायची सोयही त्याच सुमारास झाली. बेंजामिन चेव्हर्टन याने १८४४ मध्ये पुतळे लहान करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एका टोकाची बोथट सुई मूळ पुतळ्यावरून फिरते, दुसऱ्या टोकाचं फिरतं पातं त्याच हालचाली लहान प्रमाणात दगडावर कोरतं. मग लंडनची आर्ट युनियन पुढे आली. वर्षाला एक गिनी वर्गणी द्यायची आणि सोडतीत कलावस्तू जिंकायची, अशी ती संस्था. १८४६ मध्ये तिने जॉन गिब्सनच्या नार्सिससच्या पन्नास प्रती कोपलंडकडून पॅरिअनमध्ये करून घेतल्या. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पॅरिअनची मांडणी हजारोंनी बघितली. आणि १८५५ मध्ये आर्ट युनियनसाठी कोपलंडने काढली क्लायटी. मूळ पुतळ्यावरून लहान प्रत केली डेल्पेक नावाच्या कारागिराने. त्याचं नाव आणि साल मूर्तीच्या पाठीवर खोदलेलं असतं. ती इतकी खपली की व्हिक्टोरियाच्या काळातल्या दिवाणखान्यांचं ती नेहमीचं दृश्य झाली. आमच्या छावणीत कुणाच्या ट्रंकेतून आली, भेट म्हणून की लिलावातून, त्याचा काही माग नाही. १८५५ हा आकडा मात्र मी स्वतः वाचला होता.

म्युझियमच्या भेटीनंतर एका रविवारी मुलगी मला जुन्या वस्तूंच्या बाजारात घेऊन गेली. एका टेबलावर तीच उभी. मी परवानगी मागून तिला उलटं केलं. पाठीवर कारखान्याचं नाव, डेल्पेकचं नाव, साल. विक्रेत्याने भाव सांगितला. १९९३ च्या माझ्या पाच-सहा महिन्यांच्या पगाराएवढा. तो म्हणाला, पाकळी तुटलेली असती तर अर्ध्यात दिली असती, पाकळ्या दुरुस्त करून देणारे लोक आहेत.

मुलगी म्हणाली, “बाबा, पण कॉपीच होती ना ती?”

हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घोळवला. होय, नक्कलच होती. पण या प्रकरणात अस्सल शोधत मागे गेलं की हाताला काय लागतं? ब्रिटिश म्युझियममध्येच टाउनलीच्या संग्रहातला थाळीफेक करणारा खेळाडू आहे. मूळ पुतळा मायरन या ग्रीक शिल्पकाराचा, ब्राँझचा. तो केव्हाच नाहीसा झाला, बहुधा वितळवला गेला. आज आपल्याला तो माहीत आहे तो रोमन लोकांनी संगमरवरात केलेल्या नकलांमुळे. टाउनलीच्या प्रतीवर तर दुरुस्त करणाऱ्याने डोकंही चुकीच्या दिशेला बसवलं आहे. खेळाडूने थाळीकडे मागे वळून बघायला हवं, हा बघतो खाली पुढे. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये रोमच्या ट्रेजन स्तंभाचा प्लास्टरचा साचा आहे. मूळ स्तंभावरचे काही बारकावे हवेने झिजले, ते या साच्यात शाबूत आहेत. वितळवायला ब्राँझ, चुना भाजायला संगमरवर. जी वस्तू मोलाची तिलाच धोका जास्त. जे शिल्लक राहिलं ते नक्कल करणाऱ्यांमुळे.

आणि प्लास्टर म्हणजे किंमत शून्य, हे तरी कुठे खरं? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आपल्या मुलांनी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रती समोर ठेवूनच हात घडवला. तिथल्या गणपतराव म्हात्रे या तरुण विद्यार्थ्याने १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली: नऊवारीतली, पूजेला निघालेली मुलगी. ती प्लास्टरमध्येच घडली होती. मी लिहिलेल्या त्या एका ओळीत दोन चुका होत्या. ती प्लास्टरची नव्हती, आणि असती तरी तेवढ्यावरून तिची किंमत शून्य ठरत नव्हती.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते मात्र वेगळंच. पोराला वाचवायला मेमसाबला मारायची गरज नव्हती. ‘चिनी मातीचा पुतळा, एक पाकळी तुटली, चिकटवून वापरात’ एवढं लिहून सीओ साहेबांसमोर उभा राहिलो असतो, तर ते चार शब्द बोलले असते आणि सोडून दिलं असतं. ते शब्द मला ऐकायचे नव्हते. मी पोराच्या नावावर स्वतःची सोय बघितली.

ज्यांच्या मेसमध्ये, क्लबात किंवा घरात अशी पांढरी मूर्ती असेल, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आधी मागची आणि खालची बाजू बघा, कारखान्याचं नाव किंवा साल खोदलेलं असू शकतं. मात्र नाव नसलं म्हणजे माल हलका, असंही नाही. नखाच्या मागच्या बाजूने हलकेच टिचकी मारा. पोर्सेलीन खणखणतं, प्लास्टर बसका आवाज देतं. तळाला एक थेंब पाणी सोडा. प्लास्टर ते पिऊन टाकेल, पॅरिअनवर थेंब उभा राहील. संगमरवर भरीव आणि जड असतो, पॅरिअन आतून पोकळ. पातळ भागामागे टॉर्च धरली तर पॅरिअनमधून उजेड झिरपतो. धुवायचं तर कोमट पाणी, मऊ फडकं, मऊ ब्रश. तडा असेल तर पाण्यात बुडवू नका, आणि तुटलेला तुकडा कधीही फेकू नका. लेजरमध्ये काही लिहायच्या आधी, ती वस्तू जो रोज पुसतो त्याला विचारा.

हेच सगळं मी माझ्या जुन्या पलटणीलाही पत्राने कळवलं. ॲड्ज्युटंटचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. पुढच्या बोर्डाला लक्षात ठेवू, असं त्याने लिहिलं होतं.

इंग्लंडहून परतल्यावर त्या वेटरचा नंबर शोधला. तो आता हवालदार म्हणून निवृत्त झाला आहे, पौडीकडे रस्त्याला लागून दुकान आहे. आवाज ऐकताच “जय हिंद साब” म्हणाला. दोन्ही बहिणींची लग्नं त्यानेच केली. उस्तादांचं विचारलं. चार वर्षांपूर्वी गेले, म्हणाला. मी त्या पाकळीबद्दल विचारलं. त्याला आठवत होती. उस्तादांच्या घरी खिडकीत ठेवलेली असायची, नातवंडं तिला शिंपला समजत.

मग तो हसून म्हणाला, “अच्छा हुआ साब, प्लास्टर की थी. नहीं तो मैं तो गया था.”

मी म्हटलं, “हाँ.”

तो मराठी वाचत नाही, म्हणून इथे लिहू शकतो आहे. त्याला सांगावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.